फ्रेम मस्त, पण तारखेवर जाऊ नका

आजोबांच्या ट्रंकेत कापूस गिरणीचं जुनं शेअर सर्टिफिकेट सापडलं, ते जळगावात एका फ्रेमवाल्याकडे दिलं. तो आधी लॅमिनेशनच करायला निघाला, म्हटलं भाऊ थांबा, यावर अंगठा फिरवून बघा, शाई उठलेली लागते ना, कोरलेल्या प्लेटची छपाई आहे ही, प्लास्टिक चढवलं की मजाच गेली. कडेची जाळीदार नक्षी मशीनवर कोरायचे, हाताने नक्कल जमू नये म्हणून, आणि लिमिटेडमधल्या एलची शेपटी तर वेलीसारखी अर्ध्या कागदभर फिरलीये! काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, टाकलं त्याने, ते बेस्ट. चार दिवस सांगून तीन आठवडे लावले, आणि खालचा रेव्हेन्यू स्टॅम्प अर्धा पट्टीखाली गेला राव.