मैदानातील थेट समालोचन: मल्टिकास्ट की आइसकास्ट?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील कुस्त्यांचे समालोचन नेटवर्कवरून एकाच वेळी अनेकांना ऐकवायचे असेल, तर मल्टिकास्ट आरटीपी (स्थानिक नेटवर्कवर एकच प्रवाह अनेकांपर्यंत नेण्याची पद्धत) आणि आइसकास्ट (इंटरनेटवरून आवाज ऐकवणारा सर्व्हर-प्रोग्राम) या दोन मार्गांचा विचार प्रामुख्याने होतो. निवड करताना श्रोते किती, यापेक्षा श्रोत्याच्या डोळ्यांसमोर हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, आहे की नाही, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

आइसकास्ट प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रवाह पाठवतो. प्रवाह 64 केबीपीएसचा आणि श्रोते 200 असतील, तर किमान 12.8 एमबीपीएस बाहेर जावे लागतात. हा भार मैदानातील जोडणीवर टाकू नये. तिथून एकच प्रवाह भाड्याच्या सर्व्हरवर पाठवावा आणि वाटप त्याच्याकडे सोपवावे. गारगोटीतल्या श्रोत्याला साधा ब्राउझर पुरतो आणि टीसीपी या प्रोटोकॉलमुळे वाटेत हरवलेले पॅकेट (डेटाचा तुकडा) पुन्हा पाठवले जाते. मात्र बफरमुळे, म्हणजे आवाज आधी साठवून मग वाजवल्यामुळे, तो काही सेकंद मागे राहतो. घरी ऐकणाऱ्याला ते जाणवत नाही. हौद्याशेजारी बसलेल्याने मात्र घिस्सा डाव लागून मल्ल चितपट झालेला पाहिलेला असतो आणि कानावर अजून सुरुवातीच्या खडाखडीचेच वर्णन पडत असते. समालोचनाचा जीवच त्यात जातो.

मल्टिकास्टमध्ये प्रेषक 239 ने सुरू होणाऱ्या एखाद्या गटपत्त्यावर एकच प्रवाह सोडतो आणि त्याच्या प्रती नेटवर्कचा स्विच काढतो, त्यामुळे श्रोते वाढले तरी प्रेषकावरचा भार वाढत नाही. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (प्रवाह कोणत्या पोर्टला हवा आहे हे ओळखण्याची सोय) असावे, नाहीतर तोच प्रवाह प्रत्येक पोर्टवर जातो. सार्वजनिक इंटरनेटवर हा मार्ग चालत नाही. वायफायवरची त्याची अडचण तर खरेदीपूर्वीच समजून घ्यायला हवी: तिथे मल्टिकास्ट पॅकेटला पोच नसते, ते हरवले तर पुन्हा पाठवले जात नाही आणि सहसा सर्वांत कमी वेगाने जात असल्याने हवेतला वेळही अधिक खाते. शिवाय ब्राउझर हा प्रवाह थेट वाजवत नाही.

म्हणून प्रेक्षकांच्या बाजूला लावलेल्या स्पीकरांपर्यंत केबल टाकून मल्टिकास्ट न्यावे आणि गावोगावच्या श्रोत्यांसाठी मिक्सरच्या त्याच आवाजावरून आइसकास्ट चालवावे. मैदानातच मोबाइलवर ऐकवण्याचा आग्रह असेल, तर वेबआरटीसीचा (ब्राउझरमध्येच कमी विलंबाने आवाज पोचवणाऱ्या तंत्राचा) विचार करावा; त्यात विलंब बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो, परंतु प्रत्येक श्रोत्यामागे स्वतंत्र प्रवाह लागत असल्याने वायफायची क्षमता गर्दीच्या हिशेबाने ठरवावी लागेल.