क्लेअरचा इतिहास कुठून सुरू करावा: ओब्रायन, मॅकनमारा की कॉर्कमरो?

आयर्लंडच्या क्लेअर काउंटीबद्दल वाचायचंय किंवा तिकडे फिरायला जायचंय आणि एवढ्या घराण्यांत आधी कुणाला धरावं कळत नसेल, तर बहुतेक जण ओब्रायनच सांगतील, कारण ब्रायन बोरू त्यांचा. डाल गॅश टोळीतला हा माणूस, किलालूला त्याचा किनकोराचा वाडा, १००२ मध्ये अख्ख्या आयर्लंडचा राजा झाला आणि १०१४ ला क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. गोष्ट जबरदस्त आहेच, पण ती लवकर क्लेअरबाहेर पडते, कॅशेल, लिमरिक, डब्लिन करत जाते आणि काउंटी मागे राहते. १५४३ ला तर मुरो ओब्रायनने इंग्लंडच्या राजाकडून, आठव्या हेन्रीकडून अर्लची (सरदारकीची) पदवी घेतली.

माझं मत, मॅकनमारांपासून सुरू करा. तेही डाल गॅशच, ओब्रायनांचे भाऊबंद, पण पूर्व क्लेअरला घट्ट धरून राहिलेले. नवा ओब्रायन गादीवर बसवायचा मान त्यांचा, तोही क्विनजवळ मॉय एअरच्या टेकाडावर. तिथलं पवित्र झाड ९८२ मध्ये मीथच्या राजाने, मेल शेखनलने तोडलं, म्हणजे डाल गॅशच्या वर्मावर घाव कुठे बसतो ते त्याला बरोबर माहीत होतं. बनरॅटीचा आजचा किल्ला पंधराव्या शतकात मॅकनमारांनीच बांधला, ओब्रायनांकडे गेला तो नंतर. आणि क्विनचा मठ बघाच, तो दे क्लेअर नावाच्या नॉर्मन, म्हणजे इंग्लंडहून चालून आलेल्या, घराण्याच्या पडक्या किल्ल्यातच उभा केलाय, कोपऱ्यातल्या बुरुजांचे बुंधे अजून दिसतात. त्याच घराण्यातला रिचर्ड १३१८ ला डायसर्ट ओडेच्या लढाईत पडला आणि नॉर्मनांचा क्लेअरमधला जोर तिथेच संपला.

कॉर्कमरोवाले या दोघांहून जुने, वायव्येला बरनच्या चुनखडीच्या पठारावर, स्वतःला उत्तरेकडच्या अल्स्टरच्या फर्गसचे, दंतकथेतल्या वीराचे, वंशज म्हणवणारे. पुढे त्यांच्यात ओकॉनर आणि ओलॉखलिन अशा दोन शाखा झाल्या. त्यांच्याबद्दल वाचायला कमी मिळतं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांच्याच मुलखातल्या कॉर्कमरो मठात दगडी पुतळा आहे तोही त्यांच्यातल्या कुणाचा नाही, १२६८ मध्ये मारल्या गेलेल्या कॉनर ओब्रायनचा.

हातात एकच दिवस असेल तर मॉय एअर, क्विन आणि बनरॅटी एका फेरीत होतात. बरनला वेगळा दिवस द्या.