आयपीकॉन्फिग की एनएसलुकअप? डीएनएस बघायला काय वापरायचं

विंडोजवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) चेक करायचं म्हटलं की लोक दोन्ही कमांड एकच समजतात, पण तसं नाहीये. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाकलं की प्रत्येक चालू अ‍ॅडॅप्टरखाली (म्हणजे वायफायसारख्या नेटवर्क जोडणीखाली) डीएनएस सर्व्हर्स अशी ओळ येते, म्हणजे सेटिंगमध्ये काय लिहिलंय ते कळतं, बास. तो सर्व्हर जिवंत आहे की मेलाय हे ती सांगत नाही. आणि लिस्ट ही एवढी लांब, व्हर्च्युअल अ‍ॅडॅप्टर असले तर आपलं वायफाय शोधेपर्यंत वैताग येतो.

एनएसलुकअप मात्र खरंच जाऊन विचारतं. साइटचं नाव दिलं की आधी कोणाला विचारलं ते दाखवतं, मग उत्तर. सर्व्हरपुढे अननोन दिसलं तर घाबरू नका, त्या सर्व्हरच्या आयपीवरून उलटं त्याचं नाव सापडलं नाही एवढंच. मला आवडतं ते हे की नावापुढे स्पेस देऊन ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर) टाकलं तर थेट त्याच सर्व्हरला विचारता येतं, तिथे उत्तर आलं आणि राउटरच्या १९२.१६८.१.१ वर टाइमआउट झालं तर घोळ कुठे आहे ते लगेच कळतं ना.

एक गोम आहे पण, एनएसलुकअप होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरवरचीच नावं आणि आयपींची यादी) आणि विंडोजची कॅश (आधी मिळालेली साठवलेली उत्तरं) बघतच नाही, त्यामुळे इथे आयपी बरोबर आणि ब्राउझर भलतीकडेच असं होऊ शकतं. तेव्हा परत आयपीकॉन्फिगकडेच यायचं, स्लॅश फ्लशडीएनएस मारून ती कॅश रिकामी करायची, तरीही नाही झालं तर होस्ट्स फाइल उघडून बघायची.