कॉलम जोडायला लूप, अप्लाय, रिड्यूस की डू.कॉल?

आर या संगणकभाषेत तक्ते हाताळणारं डेटा.टेबल हे पॅकेज वापरणाऱ्यांना हे काम रोजचं आहे: तीन-चार कॉलम जोडून प्रत्येक ओळीची एक किल्ली, म्हणजे ती ओळ ओळखायची खूण, बनवायची. पहिला कोड बहुधा दुहेरी लूपचा असतो. बाहेरच्या लूपमध्ये ओळी, आतल्यात कॉलम आणि पोटात तुकडे जोडणारं पेस्ट. उत्तर बरोबर येतं, म्हणून तो तसाच राहून जातो. आपण सातबाऱ्याचा तक्ता डोळ्यांसमोर ठेवू. गावाचा सहा अंकी कोड, गट क्रमांक आणि हिस्सा. पहिले दोन आकडे, हिस्सा अक्षरी ("२/१", "अ"), आणि बऱ्याच गटांत हिस्साच नाही.

लूपबद्दल फार बोलायला नको. पेस्ट मुळात अख्खा कॉलम एका हाकेत घेणारं फंक्शन आहे, लूपमध्ये आपण त्याला एकेक दाणा भरवतो. शिवाय दर फेरीला चौकटी कंसातून नेमणूक केली की डेटा.टेबलची सगळी आतली तपासणी दर वेळी नव्याने होते. थेट नेमणूक करणारं सेट() वापरून हा भार बराच उतरतो, पण दाणा दाणाच राहतो. लाखभर ओळींवर फरक घड्याळ न लावताही कळतो. आधीच्या ओळीच्या उत्तरावर पुढची ओळ अवलंबून असेल तर मात्र लूप ठेवावा, त्यात कमीपणा नाही.

लूप काढायचं ठरलं की हात पहिल्यांदा अप्लायकडे, म्हणजे ओळीओळीवर एकच फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनकडे, जातो: अप्लाय(तक्ता, १, पेस्ट, कोलॅप्स = "-"). एक ओळ, वाचायला सोपी. माझं मत याच्याविरुद्ध गेलं ते एका रिकाम्या जागेमुळे. अप्लाय तक्त्याचं आधी मॅट्रिक्स करतो. मॅट्रिक्समध्ये सगळं एकाच प्रकारचं लागतं, म्हणून एकही कॉलम अक्षरी असला की आकड्यांचे कॉलम फॉरमॅट() मधून जातात, आणि फॉरमॅट सगळे आकडे एका रुंदीचे करतो. तक्त्यात गट १३७ असेल तर गट ५ च्या डावीकडे दोन जागा भरल्या जातात. हवी असते "५५६१२३-५-२/१", मिळते "५५६१२३-  ५-२/१". पडद्यावर ते नजरेतून सुटतं, आणि दुसऱ्या तक्त्याशी जोडताना त्या ओळी निमूटपणे गळतात. चूक म्हणून काहीच दाखवलं जात नाही. त्यातून चाचणीच्या नमुन्यात सगळे गट तीन अंकी असले, किंवा सगळेच कॉलम आकड्यांचे असले, तर दोष दिसतही नाही. शेवटी कडेच्या रिकाम्या जागा कापणारं ट्रिमडब्ल्यूएस लावून भागत नाही, कारण जागा मधे आहे. ते पेस्टच्या आत, प्रत्येक तुकड्याला लावावं लागतं. मग एका ओळीचा डौल उरला कुठे?

म्हणून माझा कल याकडे:

डीटी[, किल्ली := डू.कॉल(पेस्ट, सी(.एसडी, सेप = "-")), .एसडीकॉल्स = कॉलम्स]

इथे मॅट्रिक्स नाही. .एसडी ही .एसडीकॉल्सने निवडलेल्या कॉलमांची यादीच आहे, ती डू.कॉल जशीच्या तशी पेस्टच्या हाती देतो. चौथा कॉलम वाढला तर फक्त कॉलम्स या यादीत त्याचं नाव टाकायचं. एक आडवळणी खोच आहे: कॉलमांची नावंही सोबत जातात, त्यामुळे एखाद्या कॉलमचं नावच 'सेप' असेल तर जोडचिन्ह ठरवणाऱ्या सेपशी घोळ होऊन आर अडून बसतो. सेप रिकामा ("") मात्र ठेवू नका. गट १ हिस्सा १२ आणि गट ११ हिस्सा २, दोन्ही "११२" होतात. आणि तिरकी रेघ हिस्स्यात आधीच आहे, तेव्हा जोडायला ती घेऊ नये.

पेस्टच्या स्वतःच्या दोन खोडी इथेही राहतात. एक, गावाचा कोड एक्सेलमधून रीडएक्सएल पॅकेजने आणला असेल तर तो डबल (दशांशही मावणाऱ्या प्रकारचा आकडा) असतो, आणि २,००,००० सारखा गोल आकडा "२ई+०५" (२ गुणिले दहाचा पाचवा घात) होऊन बसतो, कारण आर साध्या आणि घातांकी अशा दोन रूपांतलं आखूड रूप निवडतो. ५५६१२३ ला काही होत नाही, म्हणून हजारोंत एखादीच ओळ बिघडते. आधी ॲज.इंटिजरने पूर्णांक करून घ्या. दुसरी, रिकाम्या हिस्स्याच्या जागी "एनए" (आरमधली 'नोंद नाही'ची खूण) ही अक्षरं चिकटतात, आणि मग रिकामी नोंद ओळखणारं इज.एनए सुद्धा ती ओळ पकडत नाही.

या दुसऱ्या खोडीपाशी रिड्यूसची बाजू खरोखर जड आहे. ते फंक्शन दोन-दोन कॉलम जोडत जातं, तेव्हा 'ब रिकामा असेल तर नुसता अ, नाहीतर अ-ब' ही अट एफइफएल्स या अटीच्या फंक्शनने आतच बसते. (पहिला कॉलमही रिकामा असू शकत असेल तर उलटी अटही हवी.) पण दर टप्प्याला मधल्या स्ट्रिंगांचा एक पूर्ण कॉलम तयार होतो, आणि दोन कॉलमांपुढे तो कोड दुसऱ्याला वाचायला त्रासाचा. मी तरी हिस्स्यातला एनए आधी "०" करून डू.कॉलच वापरेन, अर्थात "०" नावाचा खरा हिस्सा तक्त्यात नाही हे बघून. टायडीव्हर्स या आरच्या दुसऱ्या पॅकेज-संचात रमलेल्यांना युनाइटमध्ये रिकाम्या नोंदी गाळणारा एनए.आरएम आयता मिळतो. युनाइट मूळ कॉलम आपसूक काढून टाकतो एवढं लक्षात ठेवावं, नको असेल तर रिमूव्ह = फॉल्स.

हे सगळं किल्ली खरंच लागत असेल तर. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाच्या थराला तक्ता जोडताना दोन्हीकडे एकेकच कॉलम निवडता येतो, तिथे ती हवीच. पण डेटा.टेबलच्या आतच जोडणी किंवा गटवारी करायची असेल तर जोडणीचा ऑन आणि गटवारीचा बाय तीनही कॉलम थेट घेतात, आणि ओळखीपुरता नुसता क्रमांक पुरणार असेल तर डीटी[, क्र := .जीआरपी, बाय = कॉलम्स] लिहिलं की पेस्टला हातच लावावा लागत नाही.