८५ सेंटिमीटरचं मानवी धड: वर्गासाठी घ्यावं का, आणि घेताना काय तपासावं

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत जे मोठं मानवी धड मिळतं, त्याबद्दल हे लिखाण आहे. उंची ८५ सेंटिमीटर, साहित्य पीव्हीसी, सुटे होणारे २३ भाग, स्त्री आणि पुरुष दोन्ही जननसंस्था आलटून-पालटून बसवता येतात. वजन आठ किलोच्या आसपास. किंमत जीएसटी धरून साडेआठ हजार. आठवी ते बारावीचे वर्ग घेणाऱ्या शाळेने किंवा क्लासने हे जरूर घ्यावं, मात्र खोका न उघडता घरी आणू नये. कोणता अवयव कुठे बसतो, कशाच्या मागे आणि कशाच्या खाली, हे या धडाइतकं चांगलं कुठलीच आकृती शिकवत नाही. अवयव काम कसं करतो हे मात्र ते शिकवत नाही, आणि दोन-तीन ठिकाणी चक्क चुकीचं शिकवतं.

आधी चांगलं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सगळे अवयव एकाच पातळीवर पसरलेले दिसतात. इथे छातीचं झाकण काढलं की थर कळतात. यकृत एवढं मोठं असतं, उजवीकडच्या बरगड्यांखाली जवळजवळ पूर्ण झाकलेलं असतं आणि मध्यरेषा ओलांडून डावीकडे जातं, हे मुलांना पहिल्यांदा इथेच पटतं. मोठ्या माणसाचं यकृत सुमारे दीड किलोचं असतं. 'पोटावर हात ठेवा' म्हटलं की बहुतेक मुलं बेंबीवर ठेवतात. जठर त्याच्या बरंच वर, डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला आहे. मूत्रपिंडं दाखवायला सांगितलं की हात कमरेच्या खाली जातो. धडात पाहिलं तर ती पाठीच्या भिंतीला टेकलेली, शेवटच्या बरगड्यांच्या पातळीपर्यंत चढलेली दिसतात. जठर उचललं की मागे स्वादुपिंड आडवं पडलेलं आणि त्याचं डोकं आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) वळणात बसलेलं सापडतं. स्वादुरस आणि पित्त दोन्ही आद्यांत्रातच का उतरतात, हे वेगळं सांगावंच लागत नाही.

आता हृदय. या धडाची खरी परीक्षा इथे होते, म्हणून दुकानातच ते हातात घेऊन उघडावं. पाहिलेल्या नगांमध्ये रंगाची चूक वारंवार आढळते. फुप्फुस धमनी उजव्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) निघते, तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, म्हणून ती निळी हवी. फुप्फुसांतून डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) येणाऱ्या चार शिरा लाल हव्यात. रंगवणाऱ्याच्या डोक्यात 'धमनी लाल, शीर निळी' एवढंच असतं, त्यामुळे नेमक्या याच दोन जागी रंग उलटे लागतात. धमनी म्हणजे हृदयाकडून दूर नेणारी आणि शीर म्हणजे हृदयाकडे आणणारी ही व्याख्या जिथे पक्की व्हायला हवी, तिथेच मॉडेल ती मोडतं. दुसरा नग उघडून मागावा. तोही तसाच निघाला तर तेवढी जागा बारीक वॉटर पेपरने हलकी घासून ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. ऑइल पेंट पीव्हीसीवर चिकट राहतो, तो वापरू नये.

दुसरा दोष रंगाने सुटत नाही. या हृदयात दोन्ही निलयांच्या भिंती जवळजवळ सारख्या जाडीच्या आहेत. प्रत्यक्षात डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, तिथला वरचा दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या आसपास. डाव्याला तेच रक्त साऱ्या शरीरात फिरवायचं असतं, तिथे १२०. रक्त दोघेही सारखंच फेकतात, फरक फक्त दाबाचा. हा मुद्दा हुकला तर चार कप्प्यांचं हृदय हे नुसतं पाठ करायचं चित्र होऊन बसतं. झडपाही या मॉडेलमध्ये उठावाच्या रेषा आहेत, हलत नाहीत.

यावर उपाय मटणाच्या दुकानात आहे. बोकडाचं हृदय 'दिल' म्हणूनच मागावं, चिरू नका आणि वरच्या नळ्या तीन-चार सेंटिमीटर ठेवा असं आधी सांगावं. नाहीतर ते अलिंदांसकट साफ करून हातात देतात. नळाखाली आतल्या गुठळ्या जाईपर्यंत धुवावं. कापण्याआधी दोन्ही बाजू बोटांनी दाबून पाहायला लावाव्यात. मऊ, दबणारी बाजू उजवी, घट्ट ती डावी. मग महाधमनी शोधावी. सर्वांत जाड आणि न धरताही उघडी राहणारी नळी तीच. हृदय सरळ धरून महाधमनीत हळूच पाणी ओतलं की अर्धचंद्राकृती झडपा मिटतात आणि पाणी वरच तरंगून राहतं. टोकाकडून डाव्या निलयाला आधीच चीर गेली असेल तरीही. हे पाच सेकंदांचं दृश्य मॉडेलच्या तासाभरापेक्षा जास्त शिकवतं. त्यानंतर दोन्ही निलयं उभी चिरून पट्टीने भिंतींची जाडी मोजावी आणि झडपांच्या पाळ्यांना धरून ठेवणारे पांढरे दोरे चिमट्याने ओढून दाखवावेत. दाब वाढला की झडप उलटी फिरू नये म्हणून हे दोरे आहेत. हातमोजे, जुनी वर्तमानपत्रं, शेवटी साबणाने हात. ज्यांच्या घरी मांस चालत नाही त्यांच्यावर सक्ती अजिबात नको, बाजूला बसून त्यांनी धडातलं हृदय जुळवावं.

फुप्फुसं बरी आहेत. उजव्याला तीन खंड, डाव्याला दोन, आणि हृदयासाठी डाव्या बाजूची खाच, हे सगळं जागच्या जागी आहे. स्वस्त नगांत दोन्हीकडे तीन खंड असतात, तेवढं मोजून घ्यावं. श्वासपटल मात्र पक्कं चिकटवलेलं आहे, म्हणून श्वासोच्छ्वास शिकवायला बाटली आणि फुग्याचा नेहमीचा प्रयोग (तळ कापून तिथे रबर ताणलेली बाटली, आत फुगा) जोडावाच लागतो. तो करताना दोन गोष्टी तोंडाने सांगाव्यात. बाटलीत फुग्याभोवती भरपूर मोकळी हवा असते. शरीरात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा फक्त पातळ थर असतो. आणि बाटलीचं रबर आधी सपाट असतं, मग खाली ओढलं जातं. खरं श्वासपटल सैल असताना घुमटासारखं वर उचललेलं असतं आणि आकुंचन पावलं की सपाट होतं. धडात तो घुमट स्पष्ट दिसतो, तेव्हा बाटली आणि धड शेजारीशेजारी ठेवावीत.

मूत्रपिंडांबद्दल थोडक्यात. दोन्ही एकाच उंचीवर बसवली आहेत, खरं तर यकृतामुळे उजवं किंचित खाली असतं. उघडणाऱ्या मूत्रपिंडातला आतला छेद स्वच्छ आहे. मात्र तुलनेसाठी बोकडाचा गुर्दा कापाल तर माणसासारखे अनेक पिरॅमिड (आतले शंकूसारखे भाग) दिसणार नाहीत, तिथे आतला भाग एकसंध असतो. नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, दोन्हीकडे दिसत नाहीत. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख, आणि दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळून त्यातला दीडएक लिटर बाहेर टाकतात, हे आकडे फळ्यावरच लिहावे लागतात.

धडाचा सर्वांत चांगला उपयोग उत्क्रांतीच्या पाठासाठी आहे आणि तो क्वचितच कुणी करतं. नैसर्गिक निवड म्हटलं की ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोची चिखलपाणी गाळणारी चोच आठवते. उदाहरण उत्तम आहे, पण त्यातून निसर्ग प्रत्येक गोष्ट नेमकी बेतून देतो असा समज होतो. माणसाचं धड उघडलं की दुसरी बाजू दिसते. निवड नवा आराखडा काढत नाही, आहे त्यातच फेरफार करते. गळ्याचा छेद पाहा: श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे, आणि नाकातून येणाऱ्या हवेला घशात अन्नाची वाट ओलांडावी लागते. फुप्फुसं मूळ अन्नमार्गाच्याच पिशवीसारख्या फुगवट्यातून घडली, म्हणून ठसका लागण्याची सोय आपल्या शरीरात कायमची राहिली.

याहून ठळक उदाहरण स्वरयंत्राच्या चेतेचं (मज्जातंतूचं). ती या मॉडेलमध्ये नाही, पण पिवळ्या लोकरीच्या धाग्याने दोन मिनिटांत दाखवता येते. धागा डाव्या बाजूने मानेतून छातीत उतरवायचा, महाधमनीच्या कमानीखालून मागे वळवायचा आणि परत वर स्वरयंत्रापर्यंत न्यायचा. काही सेंटिमीटरवरच्या जागी पोचायला एवढा वळसा! माशांमध्ये ही चेता कल्ल्यांकडच्या रक्तवाहिनीमागून जवळजवळ सरळ जात होती. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं, आणि अडकलेली चेता प्रत्येक पिढीत थोडी ताणली गेली. जिराफात हाच वळसा काही मीटरचा होतो.

आंत्रपुच्छासाठी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला उघडणारं छोटं दार दिलं आहे, ही रचना खरोखर छान आहे. ते उघडून दाखवताना 'वापर नाही म्हणून झिजलं' हे वाक्य टाळावं, वापरामुळे झालेला बदल पुढच्या पिढीत उतरतो हा लामार्कचा विचार झाला, नैसर्गिक निवडीचा नव्हे. पाला पचवायला मोठ्या अंधांत्राची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीची) गरज उरली नाही तेव्हा लहान अंधांत्र असलेल्यांचं काही बिघडलं नाही आणि तो फरक पुढच्या पिढ्यांत उतरत गेला, असं सांगावं. अवशेषांग, म्हणजे मूळ काम उरलं नाही असा अवयव, निरुपयोगीच असतो असंही नाही. आंत्रपुच्छात प्रतिकारशक्तीशी संबंधित ऊती भरपूर असतात. पाठीच्या कण्याच्या टोकाला माकडहाड आहे, तेही बोटाने चाचपून दाखवावं.

बांधणीबद्दल. खुंट्या प्लास्टिकच्या असतील तरच घ्यावं. लोखंडी खुंट्या आणि चुंबकं ठाण्याच्या एका पावसाळ्यात गंजतात आणि तांबूस डाग यकृतावर उतरतो. जुळवताना आधी फुप्फुसं, त्यांच्यामध्ये हृदय, मग जठर, त्यावर यकृत, शेवटी आतडी हा क्रम ठेवावा. यकृत आधी बसवून जठर आत कोंबलं की खुंटी तुटते, आणि सर्वांत आधी तुटते ती जठराचीच. पुसायला ओलसर फडकं आणि सौम्य साबण पुरे. स्पिरिट किंवा थिनरने रंग निघतो. मे महिन्यात बंद टेम्पोत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलं तर पीव्हीसी नरम पडून भाग वाकतात आणि पुन्हा नीट बसत नाहीत. खोका लांब असतो, गर्दीच्या लोकलमध्ये नेण्यासारखा नाही, रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा मावतो.

वापराआधी छातीच्या दोन्ही बाजूंना 'डावी' आणि 'उजवी' अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात. धडाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते आणि परीक्षेतल्या आकृत्यांमधल्या निम्म्या चुका तिथून सुरू होतात. सोबतची क्रमांकांची यादी इंग्रजीत आहे, मराठी माध्यमासाठी ती पाठ्यपुस्तकातल्या संज्ञांनी पुन्हा लिहून लॅमिनेट करावी.

घरी एका-दोघांच्या अभ्यासासाठी हे धड फार मोठं आहे. त्यासाठी ४२ सेंटिमीटरचं पुरतं, मात्र त्यात हृदय सहसा उघडत नाही. तसं असेल तर धडाऐवजी त्याच पैशात उघडणारं सुटं हृदय घ्यावं. मोठं घेणाऱ्यांनी बिलावर भागांची संख्या लिहून घ्यावी आणि सुटे भाग वेगळे मिळतात का हे आधी विचारावं. पित्ताशय आणि हृदयाचं पुढचं झाकण हे दोन भाग वर्गात सर्वांत जास्त हरवतात.