बंदुकीचं औषध म्हणून मला विकलं ते टाइल्स धुवायचं ॲसिड

बाटलीचे ९०० रुपये मोजले. आतला माल आमच्या बाजारात हार्डवेअरवाल्याकडे पन्नास रुपयांच्या आत मिळतो, हे कळेपर्यंत वडिलांच्या बंदुकीच्या दोन्ही नळ्या पांढऱ्या पडल्या होत्या.

सिंधुदुर्गात ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. निवडणूक लागली की बहुतेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला. बंदुका हातात पडल्या तेव्हा जून निम्मा सरला होता, पाऊस सुरू झाला होता आणि तिकडे भाताच्या तरव्यात रानडुकरं शिरायला लागली होती. हवेत एक बार काढला की दोन-चार रात्री तरी ती फिरकत नाहीत, एवढ्यासाठीच आम्ही हे लोढणं सांभाळतो.

माझी बंदूक वडिलांची. बारा बोअरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची, इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. जमा करताना मी ती गोणपाटात गुंडाळून दिली होती. गोणपाट ओल धरतं, ही अक्कल तेव्हा नव्हती. परत मिळाली तेव्हा नळ्यांवर तांबूस ठिपके आले होते. माझ्याच नाही, त्या दिवशी ठाण्याच्या आवारात जमलेल्या निम्म्या लोकांच्या बंदुकांची तीच गत होती.

आणि नेमका तिथेच तो उभा होता. फाटकाबाहेर, चहाच्या टपरीजवळ. पन्नाशीचा, केस बारीक कापलेले, खाकी पिशवी. फौजेतून रिटायर झालोय, हत्यारांच्या डेपोत होतो, म्हणाला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. कोणाच्या बंदुकीला गंज चढलाय हे त्याला शोधावं लागलं नाही, सगळे रांगेने त्याच्या समोरूनच जात होते.

त्याने काचेच्या ग्लासात थोडं द्रव ओतलं आणि खिशातून एक गंजका बोल्ट काढून आत टाकला. बुडबुडे यायला लागले. आम्ही चहा संपवला तेवढ्यात त्याने बोल्ट काढला, तेलाच्या फडक्याने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. चकचकीत. खरं सांगायचं तर त्या प्रयोगात खोटं काही नव्हतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज खातंच. फक्त तेलाचं फडकं किती चपळाईने फिरवलं आणि तो बोल्ट दुसऱ्या दिवशी कसा दिसला असता, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

बिल मागितलं तर हसला. “साहेब, कँटीनचा माल आहे, याचं बिल कुठलं?” शहाण्या माणसाने इथेच पाय मागे घेतला असता. आमचं उलट झालं. मागच्या दाराने आलंय म्हणजे अस्सल असणार, असा हिशेब आम्ही मनात केला. त्याच्या पिशवीत किती बाटल्या होत्या मोजल्या नाहीत, पण निघताना पिशवी हलकी होती.

रात्री पडवीत बसून मी काम काढलं. त्याने सांगितलं होतं तसं चिंधी भिजवून गजाने दोन्ही नळ्यांतून फिरवली, मग बाहेरून घासलं. राहिलेल्या डागांवर पॉलिश पेपर मारा, असंही त्याने सांगितलं होतं, तोही मारला. चिंधी काळी होत होती आणि मी खूश होत होतो. एवढी वर्षांची घाण निघतेय म्हणून दुसरी चिंधी घेतली, मग तिसरी. कंदिलाच्या रंगाचा बल्ब आमच्या पडवीत, त्यात काही कळेना.

बायको भाकऱ्या टाकून बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. “अवो, ह्यो वास कसलो? न्हाणयेत ओततंत त्या ॲसिडासारखो येता.” वास झाकायला त्यात निलगिरीचं तेल टाकलं होतं, पण रोज न्हाणी धुणाऱ्या माणसाच्या नाकाला ते फसवता आलं नाही. ती आत गेली, खाण्याचा सोडा घेऊन आली आणि बशीत त्यावर चार थेंब टाकले. सोडा फसफसून बशीबाहेर आला.

तेव्हा मी बंदूक ट्यूबलाइटखाली नेली. चिंधीवर आली होती ती घाण नव्हती. नळीचा निळसर काळा रंग होता तो. हा रंग म्हणजे ब्रशने लावलेला रंग नव्हे, हे मला नंतर समजलं. तोही लोखंडाचा एक प्रकारचा गंजच, पण काळा, घट्ट, मुद्दाम चढवलेला. त्याने धरलेलं तेल खालच्या लोखंडाला सांभाळतं. ॲसिडला तांबडा गंज आणि काळा गंज यातला फरक कळत नाही, ते दोन्ही खातं. मी घाईघाईने पाण्याने धुतली, पुसली, खोबरेल लावलं. सकाळी नळ्या नारिंगी होत्या. पावसाळ्यातली हवा आणि उघडं लोखंड, एक रात्र पुरली.

कोल्हापूरला एका परवानाधारक दुकानात म्हातारा कारागीर आहे, त्याच्याकडे परवाना आणि बंदूक घेऊन गेलो. त्याने आधी मला बोल लावला नाही, त्यामुळे जास्त लाजल्यासारखं झालं. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून एका बोटावर लटकवल्या आणि लाकडी मुठीने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज घुमला. “नशीब,” म्हणाला. दोन नळ्या एकमेकींना आणि मधल्या पट्टीला मऊ डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या असतात. डाख सुटला असेल तर आवाज बद्द येतो. ॲसिड त्या पट्टीच्या फटीत शिरून बसलं असतं तर आतून गंज चालू राहिला असता आणि बाहेरून पत्ता लागला नसता. मग आत उजेड धरून दाखवलं. उजव्या नळीत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. “मी नीट मोजमाप करेपर्यंत काडतूस घालायचं नाही,” असं त्याने बजावलं.

नुसता काळा रंग परत चढवा म्हटलं तर तेही सोपं नाही. एका नळीच्या बंदुकांना कॉस्टिकच्या उकळत्या क्षारात बुडवून रंग देतात, पण त्यात असा डाख खराब होतो. त्यामुळे जुन्या पद्धतीने, थोडा थोडा गंज आणून, उकळून, घासून, पुन्हा गंज आणून असा कित्येक दिवस चढवावा लागतो. त्याचा खर्च इथे लिहीत नाही, बायकोही वाचते.

घरातल्या वस्तूंबद्दल मी त्याला खोदून विचारलं, कारण व्हिडिओ बघून आमच्याकडे लोक काय वाटेल ते वापरतात. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून बंदुकीची दारू ठासून भरायच्या बंदुकीला साबण आणि कढत पाणी हेच खरं औषध, म्हणाला. काळ्या दारूची राख पाण्यात विरघळते आणि ती तशीच राहिली तर हवेतली ओल ओढून घेते. धुतल्यावर मात्र पूर्ण सुकवून तेल हवंच. चिकटलेलं जुनं तेल सोडवायला रॉकेल चालतं. खोबरेल थंडीत थिजतं आणि कालांतराने चिकट होतं, घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या, कमानीत तर नकोच. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण मुळात ते त्यासाठीच बनलेलं, पावसाळाभर टिकणारं तेल म्हणून त्याच्यावर विसंबायचं नाही. कपड्यांचं ब्लीच तर स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा जो जालीम उपाय फिरतोय, त्यात छऱ्याचं शिसं विरघळून विषारी क्षार तयार होतो. तो हात धुतलेल्या मोरीतून कुठे जातो, ते आपण बघत नाही.

माझं एवढ्यावर भागलं. शेजारच्या तात्यांनी मात्र बंदूकच त्या माणसाच्या हवाली केली. “उघडून आतून सर्व्हिस करतो” म्हणून तो ती लॉजवर घेऊन गेला, सकाळी परत दिली, दोन हजार घेतले. आठवड्याभरात घोड्याची कमान तुटली. कारागिराला सांगितलं तर म्हणाला, कडक पोलाद ॲसिडात बुडवलं की ठिसूळ होतं, नवल नाही.

मी तात्यांना म्हटलं, चला, दोघं मिळून तक्रार देऊ. तात्या खाली बघत राहिले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ आहे. परवाना नसलेल्या माणसाला हत्यार दुरुस्त करता येत नाही. त्याच्या हातात रात्रभर बंदूक देणाराही सुटत नाही. तात्यांनी तक्रार केली असती तर पहिला प्रश्न त्यांनाच आला असता. आणि मला वाटतं, त्या माणसाचा सगळा धंदा याच्यावरच चालतो. ॲसिड कुणीही विकेल, पण गिऱ्हाईक ठाण्याच्या फाटकातून निवडून घ्यायचं आणि परत त्याच फाटकातून आत जायची त्याला भीती वाटेल असं काहीतरी करून ठेवायचं, ही अक्कल त्याची.

मी एकट्याने अर्ज दिला. बिल नाही, नाव खोटं, मोबाइल बंद. बाटली मात्र ठेवली होती, ती दाखवली. हवालदारांनी झाकण उघडून हुंगलं आणि लगेच लावलं.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदुका पुन्हा जमा. या वेळी मी सुती कापडात, कारागिराने दिलेलं तेल लावून नेली. रजिस्टरवर बसलेला शिपाई परवान्यावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून बघत होता. मी पॉलिश पेपर नेमका तिथेच जोरात मारला होता. हत्याराचा नंबर घासून काढणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे, हे मला त्या टेबलासमोर उभं असताना कळलं. त्याने मोबाइलची बॅटरी तिरकी धरली, एकेक आकडा बोटाने चाचपला, मागच्या माणसाला थांबायला सांगितलं. शेवटचा आकडा ३ की ८ यावर दहा मिनिटं गेली. शेवटी कुलपाच्या, म्हणजे चाप-घोड्याच्या यंत्रणेच्या, पट्टीवरचा नंबर जुळला आणि त्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘नळीवरील अंक पुसट.’ खाली माझी सही घेतली.