खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया: कमरेखालची भूल की पूर्ण भूल?

घरातली वयस्कर व्यक्ती रात्री मोरीत घसरून पडते, एक्स-रेमध्ये खुब्याजवळचे मांडीचे हाड मोडलेले दिसते आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरते. त्यानंतर भूलतज्ज्ञ तपासायला येतात आणि संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी विचारतात, की मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा की पूर्ण भूल द्यायची. नातेवाइकांच्या मनात तोवर दोन समजुती पक्क्या झालेल्या असतात. एक म्हणजे या वयात पूर्ण भूल झेपणार नाही आणि दुसरी म्हणजे मणक्यात सुई टोचली की कंबर जन्मभर धरते. निर्णय या दोन समजुतींवर सोपवू नये असे मला मनापासून वाटते, कारण गेल्या काही वर्षांत याच प्रश्नावर मोठे आणि शिस्तशीर अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष बरेच स्पष्ट आहेत.

आधी दोन्ही पद्धतींत रुग्णाच्या वाट्याला नेमके काय येते ते पाहू. कमरेखालच्या भुलीसाठी रुग्णाला बसवावे लागते किंवा कुशीवर वळवून, गुडघे पोटाकडे घेऊन पाठ वाकवावी लागते. मोडलेल्या खुब्याने कुशीवर वळणे हाच या पद्धतीतला सर्वांत वेदनेचा क्षण असतो, सुई त्या मानाने बारीक असते. म्हणून वळवण्यापूर्वी जांघेजवळ मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन द्यावे आणि ते मिळणार का, हे नातेवाइकांनी आवर्जून विचारावे. मणक्यातले औषध गेल्यावर काही मिनिटांतच पाय उबदार, मग जड आणि मग परके वाटू लागतात. भूलतज्ज्ञ स्पिरिटचा बोळा फिरवून गारवा कुठपर्यंत कळतो हे तपासतात. रुग्ण जागा असतो किंवा हलक्या गुंगीत असतो, आणि श्वास त्याचा तोच घेत असतो. पूर्ण भुलीत शिरेतून औषध देऊन झोपवतात, श्वासमार्गात नळी किंवा तसेच साधन बसवतात आणि बहुधा यंत्राच्या मदतीने श्वास चालू ठेवतात. जाग आल्यावर घसा दुखणे किंवा मळमळ होऊ शकते. रक्तदाब दोन्ही पद्धतींत उतरू शकतो आणि दोन्हीकडे त्यावर सतत लक्ष ठेवावेच लागते.

पूर्वीच्या नोंदींवरून कमरेखालची भूल अधिक सुरक्षित असावी असे वाटत होते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ मार्क न्यूमन यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील १८ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या पद्धतीत रुग्णालयातील मृत्यू कमी दिसले होते. मात्र अशा नोंदींत एक मूळचीच अडचण असते. कोणाला कोणती भूल द्यायची हे डॉक्टरांनी रुग्णाची प्रकृती पाहून ठरवलेले असते, त्यामुळे फरक भुलीचा की प्रकृतीचा हे वेगळे काढता येत नाही. त्याच न्यूमन यांच्या नेतृत्वाखाली मग अमेरिका व कॅनडातील ४६ रुग्णालयांत ५० वर्षांवरील १,६०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करून ‘रीगेन’ हा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्वतःच्या आधीच्या निष्कर्षाची अशी परीक्षा घेणारे संशोधन मला विशेष मोलाचे वाटते.

या अभ्यासाने मोजलेली मुख्य गोष्ट घरच्यांच्या मनातलीच होती. ६० दिवसांनी रुग्ण जिवंत आहे का, आणि कोणाचा हात न धरता, वॉकर घेऊन का होईना, सुमारे १० फूट चालू शकतो का? मृत्यू झालेले किंवा असे चालू न शकणारे रुग्ण कमरेखालच्या भुलीच्या गटात १८.५ टक्के होते आणि पूर्ण भुलीच्या गटात १८ टक्के. केवळ मृत्यू पाहिले तर प्रमाण अनुक्रमे ३.९ आणि ४.१ टक्के होते. हे आकडे इतके जवळजवळ आहेत, की ‘या वयात पूर्ण भूल नकोच’ हे वाक्य सरसकट म्हणण्याला आता आधार उरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण भलतेच बोलू लागतो, घरच्यांना ओळखत नाही, रात्री सलाईन उपटून टाकतो. या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात आणि नातेवाईक तिला मृत्यूच्या खालोखाल घाबरतात. पूर्ण भुलीमुळे ती अधिक होते हा समज डॉक्टरांमध्येही होता. रीगेनमध्ये तिचे प्रमाण कमरेखालच्या भुलीत २०.५ आणि पूर्ण भुलीत १९.७ टक्के निघाले. यावर आक्षेप असा, की कमरेखालच्या भुलीसोबत गुंगीचे औषधही दिले जाते, मग फरक दिसणार कसा? त्याचे उत्तर चीनमधील ‘रागा’ या अभ्यासातून मिळाले. तेथे ९ रुग्णालयांतील ६५ वर्षांवरील ९५० रुग्णांपैकी एका गटाला कोणतेही गुंगीचे औषध न देता केवळ बधिरीकरणावर शस्त्रक्रिया झाली. पहिल्या ७ दिवसांतील डिलिरियमचे प्रमाण त्या गटात ६.२ टक्के आणि पूर्ण भुलीच्या गटात ५.१ टक्के होते, म्हणजे येथेही ठोस फरक नव्हता. दोन अभ्यासांतील टक्केवारी एकमेकींशी ताडून पाहू नये, कारण रुग्ण आणि मोजण्याची रीत वेगळी होती.

लहान फरक मात्र आहेत आणि ते दोन्ही बाजूंना आहेत. रीगेनमध्ये मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण कमरेखालच्या भुलीत ४.५ टक्के, तर पूर्ण भुलीत ७.६ टक्के आढळले. उलट पहिल्या २४ तासांतील वेदना कमरेखालच्या भुलीच्या गटात किंचित अधिक होती, आणि ६० दिवसांनंतरही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या घेणारे त्या गटात २५ टक्के, तर दुसऱ्या गटात १८.८ टक्के होते. ही दुय्यम निरीक्षणे आहेत, केवळ त्यांच्या भरवशावर निर्णय फिरवू नये; पण मूत्रपिंडे आधीच कमकुवत असतील तर पहिल्या निरीक्षणाबद्दल भूलतज्ज्ञांशी जरूर बोलावे.

एक मर्यादा विसरता कामा नये. ज्यांना मणक्यातले इंजेक्शन देणेच धोक्याचे होते, असे रुग्ण रीगेनमध्ये घेतलेलेच नव्हते. म्हणून ‘दोन्ही सारख्या’ हा निष्कर्ष ज्यांना दोन्ही पद्धती चालतात त्यांच्यापुरताच आहे. बाकीच्यांच्या बाबतीत प्रकृतीच निवड करते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे मणक्याच्या पोकळीत रक्त साकळून मज्जारज्जू दाबला जाण्याचा दुर्मिळ पण गंभीर धोका असतो. एकट्या ॲस्पिरिनची सहसा अडचण येत नाही, परंतु क्लोपिडोग्रेल असेल तर मणक्यातल्या भुलीआधी साधारण ५ ते ७ दिवस, आणि ॲपिक्सॅबॅन किंवा रिव्हारोक्सॅबॅन असेल तर साधारण ३ दिवस थांबावे असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हृदयाची महारोहिणी झडप (एऑर्टिक व्हॉल्व्ह) फार अरुंद झालेली असेल तर मणक्यातल्या भुलीने रक्तदाब एकदम कोसळण्याची भीती असते. फुप्फुसे खराब असलेल्या, सपाट झोपल्यावर धाप न लागणाऱ्या रुग्णाला बहुतेक भूलतज्ज्ञ कमरेखालची भूल सुचवतील आणि ते योग्यच आहे. सपाट झोपताच येत नसेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे रुग्ण स्थिर राहू शकत नसेल, तर पूर्ण भूल सोयीची ठरते.

येथेच माझे सर्वांत आग्रहाचे मत आहे. केवळ कमरेखालची भूल मिळावी म्हणून गोळीचा अंमल उतरण्याची वाट पाहत रुग्णाला चार-पाच दिवस खाटेवर ठेवणे मला समर्थनीय वाटत नाही. अंथरुणावर पडून राहण्याने छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्त गोठते आणि वेदना चालूच राहते. ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी असे सांगतात. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांवर झालेल्या ‘हिप अटॅक’ अभ्यासात निदानापासून साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना साधारण २४ तासांत झालेल्यांशी केली होती. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, मात्र डिलिरियम १२ वरून ९ टक्क्यांवर आला. अशा वेळी पूर्ण भूल स्वीकारून लवकर शस्त्रक्रिया करणे अधिक हिताचे आहे. अर्थात कोणतीही गोळी बंद करण्याचा किंवा चालू ठेवण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

दोन्ही पद्धती चालणार असतील, तर रुग्णालाच विचारावे. काहींना शस्त्रक्रियागृहातले आवाज ऐकत जागे राहण्याची कल्पनाच सोसत नाही, तर काहींना शुद्ध हरपण्याची धास्ती वाटते, आणि आकडे सारखे असताना या इच्छेला पूर्ण वजन द्यायला हवे. भूलतज्ज्ञांना भेटताना नेहमीच्या गोळ्यांची पाकिटे, प्रत्येक गोळी शेवटची कोणत्या दिवशी व किती वाजता घेतली याची चिठ्ठी आणि जुना इको काढलेला असल्यास त्याचा अहवाल सोबत ठेवावा. रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र घरी राहू देऊ नये. भूल कोणतीही दिलेली असो, शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आल्या आल्या ती दोन्ही त्यांना लावावीत, म्हणजे समोर कोण उभे आहे हे त्यांना दिसेल आणि ऐकू येईल.